जुन्या जीपचा दिवा, नवा दंड



सुपे-मोरगावच्या जिरायत पट्ट्यातून माल घेऊन बारामती-जळोचीच्या बाजाराकडे निघालेली गाडी पहाटेच्या अंधारातच रस्त्याला लागते. गाडी बहुधा पंधरा-वीस वर्षांची, दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेतलेली, आणि दिवा मिणमिणता. हंगामात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या पुढ्यात, अनेकींच्या मागे लाल दिव्याचा पत्ता नाही. मग माणूस दुकानात जाऊन 'जास्त उजेडाचा' बल्ब मागतो. दुकानदारही तोच पुढे करतो. घोटाळा इथून सुरू होतो.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १०५ वा नियम म्हणतो की सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने दिवे लागले पाहिजेत आणि पुढच्या दिव्याच्या उजेडात १५५ मीटरपर्यंतची माणसे आणि वाहने स्पष्ट दिसली पाहिजेत. म्हणजे मिणमिणता दिवाही बेकायदाच. पण लगेच १०६ वा नियम बजावतो: झोत कायम खाली वळलेला किंवा चालकाला खाली वळवता येणारा हवा. दिव्यापासून ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला तो दिपवता कामा नये. हा माणूस कोण? समोरून येणारा सायकलवाला, नाहीतर पायी चाललेली आपलीच माणसे. नियम सरकारचा असला तरी या एका बाबतीत तो आपल्या बाजूचा आहे, हे मान्य केले पाहिजे.

जुन्या जीपला साधा बल्ब ४५/४० वॅटचा, हॅलोजनचा प्रमाण बल्ब ६०/५५ वॅटचा. बाजारात १००/९० चा सर्रास मिळतो. त्याने जुनी वायर तापते, होल्डर वितळतो, कधी गाडीच पेटते. एलईडीचे दुखणे वेगळे. दिव्याची वाटी तारेच्या बल्बासाठी घडवलेली असते. प्रकाश भलत्या जागेवरून निघाला की झोत विस्कटतो, उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त. कापूस खच्चून भरलेल्या पिकअपचे तर विचारूच नका. मागचा भाग दबतो, तोंड वर होते, आणि डिपरवरही दिवा आभाळाकडे बघतो.

आता दंडाचे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे नियमाबाहेरचा भाग बसवणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याच कलमात सुरक्षिततेसाठी महत्त्वाचा म्हणून अधिसूचित झालेला भाग दर्जाबाह्य विकणाऱ्याला नगामागे एक लाखाचा दंड आहे. पण पोलीस उभा असतो रस्त्यावर, दुकानाच्या फळीपुढे नाही. जो बल्ब बसवणे गुन्हा, तो विकणे हा उघड धंदा. पावती मागितली तर 'जीएसटी लागेल' म्हणून सांगतात. म्हणजे पुरावाही आपल्या हाती नाही.

भरीला, पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपयांवर नेले. एवढे पैसे भरून गेलेला माणूस दिव्यावरून परत पाठवला जातो, तेव्हा नेमके काय चुकले हे त्याला कागदावर मिळायला नको काय?

तोवर आपण एवढे करावे. उजेड कमी पडला की आधी बल्ब बदलू नये. गंजलेली वाटी, पिवळी पडलेली काच, ढिली अर्थिंग आणि डायनामोचा चार्ज वायरमनकडून तपासून घ्यावा. बहुतेक वेळा रोग तिथेच असतो. बल्ब त्याच वॅटचा, शिक्का असलेला, पावतीसह घ्यावा. माल भरल्यावर गाडी भिंतीसमोर ८ मीटरवर उभी करून डिपर मारावा. उजेडाची कडा दिव्याच्या उंचीच्या वर चढली तर स्क्रू फिरवून झोत खाली घ्यावा. ट्रॉलीला लाल दिवा आणि परावर्तक लावण्यात तर फारसा खर्चच नाही.

दिव्यावरून ज्यांची गाडी अडली किंवा दंड झाला, त्यांनी चलन, बल्ब आणि असल्यास दुकानाची पावती घेऊन जिल्हा बैठकीला यावे. परिवहन कार्यालयापुढे मागणी दोनच गोष्टींची ठेवायची आहे: नाकारण्याचे कारण लेखी द्या, आणि तपासणी दुकानांपासून सुरू करा.