गोठ्यात कालवड, घरात मात्र मुलगा?

मागच्या महिन्यात एका गावात दुग्धव्यवसायाचा मेळावा होता. लिंगवर्गीकृत रेताच्या कांडीची माहिती सांगत होतो. ही कांडी भरली की शंभरातल्या नव्वदच्या आसपास कालवडीच जन्मतात. कार्यक्रम संपल्यावर एक ओळखीचे शेतकरी बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, गाईला जमतं, मग आमच्या सुनेला का नाही? दोन पोरी हायेत."

मी हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र स्वतःचीच लाज वाटली. म्हणून आज हा लेख.

आधी तंत्र समजून घेऊ. मादी वासरू देणाऱ्या शुक्रजंतूत नर देणाऱ्यापेक्षा सुमारे चार टक्के जास्त आनुवंशिक द्रव्य असते. त्या फरकावरून यंत्र दोन्ही वेगळे करते. नांगर ट्रॅक्टरने ओढायला सुरुवात केली तेव्हाच गोऱ्ह्याची गरज कमी झाली, आणि २०१५ च्या कायद्यानंतर त्याला गिऱ्हाईकही उरले नाही. उपाशी सोडून देण्यापेक्षा तो जन्मालाच न आलेला बरा, हे मला पटते.

यावर ते शेतकरी म्हणतील, "मग माणसातही गर्भ राहण्याआधीच निवड केली, तर कुठं कुणाचा जीव जातो?" प्रश्न बिनतोड वाटतो. पण कायद्याने त्याचा विचार केलेला आहे. १९९४ चा कायदा गर्भलिंगनिदानापुरता होता. २००३ पासून गर्भधारणेपूर्वीची निवडसुद्धा गुन्हा आहे. आग्रह धरणाऱ्या घरच्यांनाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

असे का? गाय आपण दुधासाठी पाळतो, तिचा हिशेब लिटरमध्ये होतो. लेक काही उत्पन्नासाठी जन्माला येत नाही. तिला आधीच वगळायचे म्हणजे घरात असलेल्या दोघींना "तुम्ही नको होतात" असे सांगणेच की! आणि एका घराची निवड गावाचा आकडा बनते. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३, तर २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात २०११ साली फक्त ८०७! आज पस्तिशीतली पोरं लग्नाविना पारावर बसलेली दिसतात, त्यामागे शेतीची दशा आहे तसेच हेही एक कारण आहे. गोठ्यात वळूची उणीव रेतपेढी भरून काढते. गावातली मुलींची उणीव कोणती पेढी भरून काढणार?

नुसत्या कायद्याने मात्र भागणार नाही. मुलगा हवा तो जमिनीसाठी आणि म्हातारपणासाठी. पण वडिलोपार्जित जमिनीत मुलीला महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली बरोबरीचा हक्क दिला आहे. सातबाऱ्यावर तिचे नाव लागले, हक्कसोडपत्रावर तिची सही घेणे थांबले, तर "वारस नाही" ही ओरड आपोआप कमी होईल.

आम्हा विस्तार कर्मचाऱ्यांचीही जबाबदारी आहे. कांडीचे गुण सांगताना ती फक्त गोठ्यापुरती आहे, हे त्याच मेळाव्यात मोठ्याने सांगितले पाहिजे. त्या शेतकऱ्यांकडे मी पुढच्या आठवड्यात जाणार आहे. या वेळी हसून विषय टाळणार नाही.