पंधरा दिवसांत औषधखिडकीवर ॲटोर्वास्टॅटिन हवं

जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हाधिकारी आणि मुंबईत बसून आमच्या गोळ्यांची खरेदी ठरवणारे अधिकारी, या तिघांना हा जाहीर इशारा आहे. अर्ज झाले, निवेदनं झाली, त्यांच्या पोचपावत्या आमच्याकडे आहेत. आता फक्त मुदत.

सरकारी रुग्णालयाच्या खिडकीवर कोलेस्टेरॉलची गोळी मिळत नाही. डॉक्टर केसपेपरवर ॲटोर्वास्टॅटिन लिहितात, औषध वाटणारा त्या ओळीपुढे फुली मारतो आणि म्हणतो, ‘ही बाहेरून घ्या.’ रस्ता ओलांडला की मेडिकलमध्ये तीच गोळी हव्या त्या कंपनीची, हव्या तेवढ्या ताकदीची, पैसे टाकून मिळते. तेव्हा ‘राज्यात तुटवडा आहे’ हे उत्तर आम्हाला देऊ नका. 2011च्या नोव्हेंबरात अमेरिकेत या औषधाचं पेटंट संपलं, तेव्हा तिथल्या बाजारात स्वस्त पर्याय घेऊन आधी उतरणाऱ्यांत आपल्याकडची रॅनबॅक्सी होती. हे औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. अशा यादीतलं औषध कंपनीला बंद करायचं असेल, तर 2013च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे किमान सहा महिने आधी जाहीर सूचना द्यावी लागते. तशी सूचना कुणी दिली असेल तर दाखवा. नसेल, तर तुटवडा तुमच्या खरेदीत आहे आणि तो भरून काढणंही तुमच्याच हातात आहे.

15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. केसपेपरचे पैसेही माफ. निर्णय चांगलाच होता. पण मोफत चिठ्ठी घेऊन माणसाला बाहेरच्या दुकानात पाठवायचं, याला मोफत उपचार म्हणत नाहीत. 2017 मध्ये खरेदी हाफकिन महामंडळाकडे दिली, तेव्हा सगळं सुरळीत होईल असं सांगितलं. 2023 मध्ये कायदा करून वेगळं वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आणलं, तेव्हाही तेच सांगितलं. कोणत्या कार्यालयाची फाईल कोणाच्या टेबलावर अडकली, निविदा का लांबली, पुरवठादाराचं बिल कोणी थकवलं, हे शोधणं रुग्णाचं काम नाही.

या गोळीवाचून कोणी खिडकीसमोर तडफडत नाही, म्हणूनच तुमचं फावतं. कोलेस्टेरॉल दुखत नाही आणि गोळी बंद झाली तरी त्या दिवशी काहीच होत नाही. पण औषध थांबलं की काही आठवड्यांतच रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल पुन्हा पूर्वीच्या जागी येतं. पुढे कधीतरी झटका येतो आणि मृत्यूच्या कारणात ‘हृदयविकार’ एवढंच लिहिलं जातं. रिकाम्या खिडकीची नोंद कुठेच होत नाही. 1994 साली स्कँडिनेव्हियातल्या 4,444 हृदयरुग्णांवरच्या अभ्यासाचे निकाल आले. याच स्टॅटिन गटातलं सिम्वास्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये पाच वर्षांच्या आसपास मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाले होते. हे तुमच्या डॉक्टरांना पाठ आहे. ते लिहितात, खिडकी नाकारते.

आणखी एक गोष्ट अधिकाऱ्यांच्या लक्षात आलेली दिसत नाही. अँजिओप्लास्टी झालेल्या अनेकांना एकाच कॅप्सूलमध्ये तीन औषधं मिळतात: स्टॅटिन, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. घरात तिचं नाव ‘कोलेस्टेरॉलची गोळी’. ती संपली आणि माणूस ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणाला, की रक्त पातळ ठेवणारी दोन्ही औषधंही सुटतात. नव्यानं बसवलेल्या स्टेंटमध्ये गुठळी व्हायला तेवढं पुरतं. इथे महिन्याची मुदत नसते.

म्हणून रुग्णांनाही बजावतो, आणि हे रागानंच. खिडकी रिकामी आहे म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करू नका, पुरवून पुरवून अर्धी करून खाऊ नका, शेजाऱ्याच्या पाकिटातली उचलू नका. कॅप्सूल मिळाली नाही तर त्याच दिवशी डॉक्टरांकडून तिन्ही औषधं सुटी लिहून घ्या. ॲटोर्वास्टॅटिनच्या जागी रोसुवास्टॅटिन चालतं, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. पहिल्याचे 20 मिलिग्रॅम म्हणजे दुसऱ्याचे साधारण 10. ‘वीसच्या जागी वीस’ देणाऱ्या दुकानदाराकडून गोळी घेऊ नका. दुसऱ्या कंपनीची तेच औषध आणि तेवढीच मात्रा असलेली गोळी मात्र बिनदिक्कत घ्या. जनऔषधी केंद्रातली स्वस्त आहे म्हणून हलकी, हा समज सोडा. आणि लसूण, आलं, लिंबू, व्हिनेगरच्या त्या काढ्यानं ब्लॉकेज विरघळतात हा व्हॉट्सॲपवरचा निरोप पुढे पाठवणाऱ्यांनो, तुमचा सद्भाव कोणाच्या तरी जिवावर बेतेल. लसूण आमटीत घाला.

आता मागण्या. हा इशारा प्रसिद्ध झाल्यापासून तीन दिवसांत रुग्णालयाच्या दारावर मराठीत फलक लागला पाहिजे: कोणतं औषध शिल्लक आहे, कोणतं नाही, पुढचा साठा कधी येणार. साठ्याची नोंद ई-औषधी प्रणालीत होतेच, तीच भिंतीवर लावायला निविदा लागत नाही. सात दिवसांत स्थानिक खरेदीच्या अधिकारातून किंवा रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून निदान स्टेंट बसवलेल्या, झटका येऊन गेलेल्या आणि मधुमेही रुग्णांची गोळी सुरू करा. पंधराव्या दिवशी खिडकीवर प्रत्येक नोंदणीकृत रुग्णाला पूर्ण महिन्याच्या गोळ्या मिळाल्या पाहिजेत. आठ दिवसांच्या गोळ्या हातावर टेकवून मजुराला पुन्हा रोज बुडवायला लावू नका. आणि घाईच्या नावाखाली तपासणी न झालेला मालही आणू नका. नागपूर आणि बीड जिल्ह्यांतल्या सरकारी रुग्णालयांत बनावट प्रतिजैविकं पोहोचल्याचं 2024 मध्ये उघड झालं, ते आम्ही विसरलेलो नाही.

हे झालं नाही तर सोळाव्या दिवशी सकाळी अकराला आम्ही जिल्हाधिकारी कार्यालयात येऊ. घोषणा देणार नाही, रस्ता अडवणार नाही. प्रत्येक रुग्ण फुली मारलेल्या केसपेपरची प्रत, बाहेरच्या दुकानाचं बिल आणि माहिती अधिकाराचा स्वतंत्र अर्ज देईल: मागणी कधी नोंदवली, कोणी मंजूर केली, पैसे कुठे थांबले. उत्तराला तीस दिवस आहेत, आणि तीच उत्तरं घेऊन आम्ही उच्च न्यायालयात जाऊ. नांदेडच्या सरकारी रुग्णालयातल्या मृत्यूंची दखल 2023च्या ऑक्टोबरात त्या न्यायालयानं स्वतःहून घेतली होती. सरकारी रुग्णालयात वेळेवर उपचार न मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1996 सालीच सांगून ठेवलं आहे. पैसे नव्हते, ही सबब तेव्हाही चालली नव्हती.

रुग्ण आणि नातेवाइकांनो, गोळी आज बाहेरून घ्यावी लागली तर घ्या, खाडा करू नका. दुकानदाराकडून पक्कं बिल मागा, केसपेपरवरची फुली खोडू देऊ नका आणि दोन्हींची झेरॉक्स सोळाव्या दिवशी सोबत आणा.