पदवी कशाची देता?

सेमिनरीत मी ग्रीक घोकलं, हिब्रू घोकलं, जर्मन पंडितांची नावं पाठ केली. पण मेल्यावरही ख्रिस्ती दलिताची कबर वेगळी का, हे एका पेपरात विचारलं नाही साल्यांनी! 1981 साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल शूद्रांच्या ईश्वरविज्ञानावर बोलले. पुढं जुन्या करारातला तो भटका अरामी बाप त्यांनी दलिताच्या बापाशेजारी आणून बसवला. याला म्हणतात शास्त्र वाचणं. आणि 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश? शीख 1956 ला, बौद्ध 1990 ला अनुसूचित जातींत आले. ख्रिस्ती दलित अजून बाहेरच. ग्रीक क्रियापदं कुठं पळून जात नाहीत. आधी या आदेशावर भर चर्चमध्ये प्रवचन करायला लावा, मग द्या एम.टीएच.