नियम पाळणाऱ्याला एक स्टार, मोडणाऱ्याला पाच : हे आपणच थांबवूया
मुंबई, पुणे आणि गोव्यातल्या पब-बारमध्ये जाणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला कळकळीचं आवाहन



वर्षअखेरीला महाराष्ट्रात बार आणि पबना पहाटे पाचपर्यंत चालू राहण्याची परवानगी मिळते. त्या रात्री हजारो तरुण मुलंमुली मोबाइल उघडतील, नावापुढचा ४.५ किंवा ४.७ हा आकडा बघतील आणि कुठे जायचं ते ठरवतील. जागा ओळखीची नसते, शहर कधीकधी परकं असतं, सोबत मैत्रिणी असतात. अशा वेळी विसंबायला त्या आकड्याशिवाय दुसरं काही हाताशी नसतं.

तो आकडा सरकार देत नाही, पोलीस देत नाहीत, अग्निशमन दलही देत नाही. तो तुम्ही-आम्ही देतो. आणि आज आपण तो इतक्या बेफिकिरीने देतो आहोत की कायदा पाळणाऱ्या मालकाचं त्यात नुकसान होतं आणि धाब्यावर बसवणाऱ्याचं फावतं. म्हणून हे आवाहन.

रात्री साडेबाराला एखाद्या गजबजलेल्या पबमध्ये काय चालतं ते आठवून बघा. बिलाच्या फोल्डरबरोबर क्यूआर कोडचा छोटा स्टँड टेबलावर येतो. गाण्याच्या वर आवाज चढवत वेटर सांगतो, ‘सर, फाइव्ह स्टार टाका ना, माझं नाव पण लिहा, एक राउंड शॉट्स आमच्याकडून.’ चौघं फोन काढतात. वेटर तिथेच उभा असतो. चारही स्क्रीन बघून झाल्या की तो वळतो आणि शॉट्स येतात. त्याचा राग धरू नका. आपल्या नावाने किती रिव्ह्यू आले, याचा हिशेब त्याला वर द्यावा लागतो. पण त्या चार रिव्ह्यूंमध्ये जेवणाबद्दल, बिलाबद्दल, सुरक्षिततेबद्दल एका शब्दाचीही माहिती नसते.

आता दुसरं दार बघा. तिथला माणूस ओळखपत्र मागतो. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षं आहे, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५. आलेला घोळका एकोणीस-वीस वर्षांचा असतो. दारातला माणूस नम्रपणे नाही म्हणतो. फुटपाथवर उभ्या उभ्याच चौघं जण एकेक स्टार देतात आणि लिहितात, ‘स्टाफ उद्धट, ॲटिट्यूड फार.’ समजा त्या जागेला आतापर्यंत ३० रिव्ह्यू होते आणि सरासरी ४.६ होती. या चार एक-स्टारांनी ती थेट ४.२ वर येते. पुढच्या शनिवारी यादीत वर दिसणारं नाव बहुधा शॉट्स वाटणाऱ्याचं असतं.

याचा फटका खराखुरा पैशांत बसतो. अर्थतज्ज्ञ मायकेल लुका यांनी हार्वर्डमध्ये असताना अमेरिकेतल्या सिएटल शहरातल्या हॉटेलांचा अभ्यास केला. त्यात एक स्टार वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं असं दिसलं, आणि हा परिणाम मोठ्या साखळी हॉटेलांवर नव्हे, तर स्वतंत्र, एकट्याने चालवलेल्या हॉटेलांवर होता. आपल्याकडचे बहुतेक परमिट रूम आणि छोटे पब हे असेच एकट्याने चालवलेले. ओळखपत्र मागणाऱ्याचा धंदा आपण बुडवत राहिलो, तर उद्या तोही मागायचं बंद करील. मग काय होऊ शकतं ते आपण पाहिलं आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्श गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवणारा मुलगा अल्पवयीन होता, आणि त्याला दारू दिल्याच्या आरोपावरून पबशी संबंधित लोकांना अटक झाली. दारात वय विचारणं हा उद्धटपणा नाही. त्या एका प्रश्नावर रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा जीव अवलंबून असतो.

याहून गंभीर गोष्ट आगीची. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिलमध्ये गच्चीवरच्या रेस्टोबारना आग लागली आणि १४ माणसं गेली. वाट न सापडल्याने कित्येकजण स्वच्छतागृहाकडे धावले आणि तिथेच गुदमरले. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफड्याच्या एका नाइटक्लबमध्येही आग लागली. २५ जण मृत्युमुखी पडले आणि त्यांत बहुसंख्य तिथेच राबणारे कर्मचारी होते. या शहरांतल्या कुठल्याही पबचे रिव्ह्यू उघडून वाचा. कॉकटेल आहे, डीजे आहे, ‘व्हाइब’ आहे, ‘क्राउड’ आहे. बाहेर पडायला दुसरा दरवाजा आहे का, हे कोणी लिहिलेलं क्वचितच सापडेल. माणसाच्या जिवाशी थेट निगडित असलेली ही गोष्ट आपल्या स्टारमध्ये मोजलीच जात नाही.

जे मालकाच्या हातात नाही, त्याची शिक्षा मात्र आपण त्याला सर्रास देतो. ‘दीड वाजता हाकललं’ म्हणून एक स्टार. पण बंद करायची वेळ परवान्यात ठरलेली असते. ‘बिलात भरमसाट टॅक्स लावला’ म्हणून एक स्टार. पण परमिट रूममध्ये दिल्या जाणाऱ्या दारूवरचा व्हॅट राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ पासून ५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर नेला, तो मालकाच्या खिशात जात नाही. ‘पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा महाग’ म्हणून एक स्टार. हॉटेल-रेस्टॉरंटना तसं करता येतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. दर मेन्यूवर लिहिलेला नसेल, तर तक्रार जरूर करा.

उलट ज्याबद्दल बोंब मारायला हवी, तिथे आपण गप्प बसतो. न विचारता बिलात सर्व्हिस चार्ज जोडणं चुकीचं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसं बजावलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. डेटिंग ॲपवर ओळख काढून एखाद्याला ठरावीक ठिकाणी बोलवायचं आणि हातात हजारोंचं बिल ठेवायचं, हा धंदाही चालतो. दिल्लीत २०२४ मध्ये स्पर्धा परीक्षेच्या एका विद्यार्थ्याकडून अशाच प्रकारे लाखाहून जास्त रुपये उकळले गेले. तो पोलिसांत गेला म्हणून आपल्याला कळलं. न जाणारे किती असतील? ‘घरी कळलं तर’, ‘ऑफिसमध्ये कळलं तर’ या भीतीने रात्रीच्या जागांबद्दल फसलेला माणूस लिहीतच नाही. म्हणून इथली सरासरी दिवसा चालणाऱ्या उडप्याच्या हॉटेलापेक्षा जास्त फसवी असते. खूश झालेला लिहितो, खवळलेला लिहितो, आणि लुबाडलेला मान खाली घालून घरी जातो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. ऑर्केस्ट्रा बारमध्ये गाणाऱ्या आणि बारमध्ये वेट्रेस म्हणून काम करणाऱ्या स्त्रियांच्या रूपाचं, रंगाचं, वयाचं वर्णन रिव्ह्यूमध्ये केलं जातं. त्यांचे न विचारता काढलेले फोटो टाकले जातात. ईशान्य भारतातून आलेल्या कर्मचाऱ्यांबद्दल नको ते लिहिलं जातं. ‘क्राउड चांगला नाही’ या तीन शब्दांआड कुणाची जात, कुणाची भाषा, कुणाची वस्ती लपवलेली असते हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं. डान्सबार बंदीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी बंदी रद्द करणारा निकाल कायम ठेवला आणि नाचण्याचं काम करून पोट भरण्याचा तिथल्या स्त्रियांचा हक्क मान्य केला. बारमध्ये गाणाऱ्या, वाढणाऱ्या स्त्रियाही तिथे नोकरीच करतात. स्टार जागेला द्यायचा असतो, तिथे काम करणाऱ्या बाईच्या चेहऱ्याला नाही.

म्हणून ग्राहकांना हात जोडून विनंती आहे. पुढच्या वेळी इतकं करा :

१. टेबलावर बसून रेटिंग देऊ नका. कोणी मागितलं तर ‘उद्या देतो’ म्हणा. दुसऱ्या दिवशी दुपारी, डोकं शांत असताना, बिल समोर ठेवून लिहा.

२. शॉट, डेझर्ट किंवा सवलतीच्या बदल्यात एकही स्टार विकू नका. मोबदला घेऊन लिहिलेला रिव्ह्यू गूगलच्या नियमांतही बसत नाही.

३. वार, वेळ आणि किती जण होतात ते लिहा. मंगळवारी आठला शांत असलेली जागा शनिवारी बाराला तशी नसते. दोन्ही अनुभव खरे असतात, पण वार लिहिला तरच वाचणाऱ्याच्या उपयोगाचे.

४. पाच प्रश्नांची उत्तरं प्रत्येक वेळी द्या. बाहेर पडायचा दुसरा मार्ग मोकळा होता का? बिल मेन्यूप्रमाणे आलं का, कव्हर चार्ज आधी सांगितला होता का? दारात वय तपासलं का? सोबतच्या मुलींना त्रास झाल्यावर स्टाफ मदतीला आला का? पेग मापाने भरला का? संगीत, चव आणि सजावट यानंतर.

५. मधले स्टार वापरायला शिका. पाच म्हणजे या पाचही गोष्टी चोख आणि अनुभव उत्तम. चार म्हणजे सगळं नीट, किरकोळ उणिवा. तीन म्हणजे ठीक, पुन्हा जाईनच असं नाही. दोन म्हणजे बिलात किंवा वागणुकीत खरी गडबड. एक फक्त फसवणूक, धोका किंवा छेडछाडीसाठी राखून ठेवा. आणि बाहेर पडायचा मार्ग बंद असेल, तर कॉकटेल कितीही झकास असो, पाच देऊ नका.

६. कायद्याचा राग मालकावर काढू नका. वय विचारलं, वेळेत बंद केलं, झिंगलेल्याला आणखी दारू नाकारली, याबद्दल स्टार कापायचा नाही. उलट तसं आवर्जून लिहा, म्हणजे त्याचं भलं होईल.

७. माणसांचे फोटो टाकू नका. कर्मचाऱ्याबद्दल तक्रार असेल तर काय घडलं ते लिहा. त्याचं रूप, गाव, जात त्यात आणू नका.

८. फसवणूक झाली असेल तर नुसता एक स्टार देऊन थांबू नका. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. जबरदस्तीने पैसे घेतले असतील तर पोलिसांत जा. नाव जाहीर करायची भीती वाटत असेल, तरी बिलाचा आकडा आणि घडलेला प्रकार तरी लिहा. तुमच्यानंतर येणारा त्यामुळे वाचेल.

बार-पबच्या मालकांनाही सांगणं आहे. वेटरच्या माथी रिव्ह्यूचं टार्गेट मारू नका. कव्हर चार्ज किती, त्यातला किती खाण्यापिण्यात वळता होणार, कर वेगळा की धरून, हे दारातच लिहा. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते फाइलीत न ठेवता काउंटरवर लावा. ग्राहकाला दाखवण्यासारखी याहून चांगली जाहिरात नाही. वाईट रिव्ह्यूला धमकीने नव्हे, उत्तराने तोंड द्या.

रेटिंग दाखवणाऱ्या कंपन्यांकडे आमची मागणी आहे की रात्रीच्या जागांसाठी सुरक्षितता, बिल आणि वागणूक यांचे वेगळे गुण दाखवा. बारा रिव्ह्यूंचा ४.८ आणि बाराशे रिव्ह्यूंचा ४.३ हे एकाच तराजूत तोलू नका. एका रात्रीत ओतलेले पंचवीस पाच-स्टार बाजूला काढा. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. पण ते ऐच्छिक ठेवलं. केंद्र सरकारने ते बंधनकारक करावं, निदान ज्या जागांशी जिवाचा संबंध येतो त्यांच्यासाठी तरी. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ऑक्टोबर २०२४ पासून खोट्या आणि विकत घेतलेल्या रिव्ह्यूंवर दंडाची तरतूद असलेला नियम लागू केला आहे. मग आपल्याकडे ते न होण्याचं कारण काय?

रात्री बाहेर जाणं, मित्रांसोबत बसून दोन पेग घेणं, नाचणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ती जागा सुरक्षित आणि सचोटीची असावी ही अपेक्षाही तितकीच रास्त आहे. पण सरकारची वाट बघत बसायची गरज नाही. तुमच्या फोनमधल्या जुन्या बिलांपैकी एक आजच काढा, त्या जागेबद्दल वरच्या पाच प्रश्नांची उत्तरं खरीखुरी लिहा आणि हे आवाहन तुमच्या ग्रुपवर पाठवा. ३१ डिसेंबरच्या आत प्रत्येकाने एक प्रामाणिक रिव्ह्यू लिहिला, तरी त्या रात्री अनोळखी दारासमोर उभ्या राहणाऱ्या कुणाच्या तरी मुलाला, कुणाच्या तरी मुलीला खरी माहिती मिळेल. तेवढं आपल्या हातात आहे. ते करा.