सांगितलं तर गावभर होणार नाही ना?

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक आटोपली, सह्या झाल्या, चहाचे कप विसळून झाले, तरी एकजण घरी जायचं नाव घेईना. सतरंजीची घडी उगाच दोनदा घातली तिने. बोलायचं असतं, पण पहिला शब्द सापडत नसतो, अशी बाई मला आता लांबून ओळखता येते. मी काही विचारलं नाही, कपाट लावत राहिले. शेवटी म्हणाली, "काकी, रात्रभर झोप लागणा नाय. उगाच रडूक येता. कोणाशी तरी बोलूक व्हया. पण सांगितलंय तर गावभर होवचा नाय मा?"

झोप का लागत नाही, हा तिचा दुसरा प्रश्न होता. पहिला गावभर होण्याचा.

आमचं जामसंडे आणि शेजारचं देवगड मिळून नगरपंचायत झाली, पण माणसं तीच. एस.टी.चा कंडक्टर शाळेतला सोबती, औषधाच्या दुकानात मावसदीर, दवाखान्यातली नर्स वहिनीची मैत्रीण. कणकवलीच्या गाडीत बसलं तरी "खंय चललंस गो?" हा प्रश्न चुकत नाही. त्यात आपल्याकडे "रत्नागिरीक न्हेवक व्हया" हे वाक्य थट्टेतसुद्धा सर्रास वापरतात. ब्रिटिशांच्या काळापासून तिथे मनोरुग्णालय आहे, त्यामुळे शेकडो माणसं बरी होऊन घरी आली असतील, पण आपण शहराच्या नावाचीच शिवी केली. अशा ठिकाणी एखादी बाई मानसोपचारासाठी दार ठोठावते तेव्हा तिच्यापाशी किती धैर्य असतं याची कल्पना करा.

तसं मन मोकळं करण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. देवळात गाऱ्हाणं घालतात. पण ते चारचौघांत, मोठ्या आवाजात, आणि सगळ्यांनी मिळून "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मुलाला नोकरी लागू दे, आंब्याला मोहर धरू दे, याला ते चांगलं आहे. पण नवऱ्याच्या हाताखाली रोज काय सोसावं लागतं, किंवा लहानपणी कोणी काय केलं, हे कोणती बाई चव्हाट्यावर सांगेल? तिला बंद दार लागतं. आणि दाराआड बोललेलं दाराआडच राहील, अशी खात्री लागते.

ती खात्री किती आणि कुठपर्यंत, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं, यासाठी आजचा हा लेखप्रपंच.

आधी कोण कोण असतं ते पाहू, कारण पाट्या वाचून गोंधळ होतो. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. होऊन पुढे मानसिक आजारांचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. गोळ्या ते लिहून देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ गोळ्या देत नाहीत, ते बोलण्यातून उपचार करतात, आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशक हा शब्द मात्र सैल आहे. रीतसर शिकलेले, उत्तम काम करणारेही समुपदेशकच, आणि पंधरा दिवसांचं शिबिर करून पाटी लावणारेही तेच. तेव्हा "तुमचं शिक्षण काय? नोंदणी आहे का?" असं विचारायला लाजू नका. आपण साडी घेताना पदर उलटून बघतो की नाही?

बोलून काय होणार, असं पुष्कळजणी विचारतात. पहिल्या भेटीत बरेच प्रश्न विचारले जातात. त्या चौकशा चोंबडेपणाच्या नसतात. भेट साधारण पाऊण तास ते तासभर, बहुधा आठवड्यातून एकदा, आणि कितीदा जावं लागेल हे दोन-तीन भेटींनंतर जरा सांगता येतं. समोरची व्यक्ती "नवऱ्याला सोड" किंवा "सांभाळून घे" असा निकाल देत नाही. ज्यांना सल्ला हवा असतो त्या इथे निराश होतात. माझ्याकडे आलेली एक आजी तर रागावून म्हणाली होती, "पैशे घेतल्यान आनी माकाच इचारता, तुमका काय वाटता!" आणखी एक. सुरुवातीचे काही आठवडे बरं वाटण्याऐवजी जडच वाटू शकतं. विहीर उपसायला घेतली की आधी गाळ वर येतो. याची कल्पना नसेल तर बाई दुसऱ्या खेपेलाच सोडून देते. पण महिना-दोन महिने झाले आणि काहीच पुढे सरकत नाहीये, किंवा त्या माणसासमोर मोकळं वाटतच नाही, तर तसं तोंडावर सांगण्याचा आणि दुसरीकडे जाण्याचा हक्क आपल्याला आहे. फी किती, भेट चुकली तर पैसे पडतात का, हेही आधीच विचारावं.

आता मुद्द्याचं. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ पासून लागू आहे. त्याच्या तेविसाव्या कलमात लिहिलं आहे की मानसिक आजारासाठी उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त राहणं हा त्याचा हक्क आहे आणि उपचार करणाऱ्यांवर ती गुप्त राखण्याचं बंधन आहे. उपकार नव्हे, हक्क. सासूने फोन करून "आमची सून काय सांगते हो?" विचारलं, तर सांगता येत नाही. नवऱ्याने फी भरली म्हणूनही सांगता येत नाही.

पण या हक्काला कुंपण आहे, आणि ते कुंपण कुठे आहे हे मन मोकळं करण्याआधी कळायला हवं. जिवाला धोका असेल, स्वतःच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या, तर तो टाळण्यापुरती माहिती सांगता येते. या अपवादामागे जगाला बसलेला एक मोठा धक्का आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९६९ साली एका विद्यार्थ्याने उपचार घेताना एका मुलीला मारण्याचा विचार बोलून दाखवला होता. उपचार करणाऱ्यांनी विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं, त्यांनी त्याला सोडून दिलं, पण मुलीला किंवा तिच्या घरच्यांना कोणी सावध केलं नाही. ती मुलगी गेली. १९७६ साली तिथल्या न्यायालयाने सांगितलं की अशा वेळी जिच्या जिवाला धोका आहे तिला वाचवण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्यावरही येते. स्वतःच्या जिवाचे विचार मनात येत असतील तर ते मात्र दडवू नका. "पोलिसांत देतील" ही भीती अजून आपल्याकडे आहे. जुन्या दंड संहितेतलं आत्महत्येच्या प्रयत्नाचं ३०९ कलम जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत घेतलेलं नाही, आणि २०१७ चा कायदा तर असा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच गृहीत धरायला सांगतो.

दुसरा अपवाद मुलांचा. अठरा वर्षांखालच्या मुलाचं किंवा मुलीचं लैंगिक शोषण होत असल्याचं ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे, असं २०१२ चा पॉक्सो कायदा सांगतो. डॉक्टर, समुपदेशक, शिक्षिका, मी, तुम्ही, सगळ्यांना हे लागू. मी याच्या बाजूचीच आहे. पण आईने हे आधी जाणून मग बोलावं, म्हणजे पुढच्या घडामोडींनी तिचे पाय लटपटणार नाहीत. याशिवाय न्यायालयाने किंवा कायद्याने अधिकार दिलेल्या प्राधिकरणाने आदेश दिला तर माहिती द्यावी लागते.

इथे बायकांच्या मनातली एक भीती येते, आणि ती अगदीच खुळी नाही. "उद्या कागद सासरच्यांच्या हाती लागला आणि वेडी ठरवून सोडचिठ्ठी दिली तर?" हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे, हे खरं. पण नुसता विकार असून भागत नाही. तो इतका असावा लागतो की जोडीदाराने एकत्र राहावं अशी अपेक्षाच करता येऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली एका खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. आणि पूर्वी उपचार घेतले होते एवढ्यावरून कोणाला आज मानसिक रुग्ण ठरवता येत नाही, असं २०१७ च्या कायद्यातही आहे. झोप उडाली म्हणून मदत घेतली, याने कोणाचा संसार कायद्याने मोडत नाही.

याच कायद्यात एक सोय आहे जी आपल्या बायकांपर्यंत पोचलेलीच नाही. आपल्या उपचारांबाबत आपला प्रतिनिधी कोण, हे प्रौढ व्यक्तीला साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून ठरवता येतं. तो नवराच असावा असं नाही. बहीण चालेल, मैत्रीण चालेल, तिची मात्र तयारी हवी. त्या प्रतिनिधीला तिचं काम करण्यापुरती माहिती देता येते. म्हणून निवड जपून करा.

आणखी काही गोष्टी कायद्यात सापडणार नाहीत, त्या तोंडाने विचाराव्यात. तुम्ही लिहून ठेवता ते कागद कोण बघतं? नवरा-बायको मिळून आलो आणि मी एकटीने काही सांगितलं, तर ते त्याला कळेल का? व्हॉट्सॲपवर निरोप पाठवणार असाल तर तो फोन घरात मुलं हाताळतात. आणि आपल्यासारख्या गावात महत्त्वाचं म्हणजे, बाजारात किंवा कुणकेश्वरच्या जत्रेत समोरासमोर आलो तर तुम्ही ओळख दाखवणार की नाही? चांगला मानसोपचारतज्ज्ञ या प्रश्नाला हसत नाही.

एवढं सगळं मी सांगते आहे खरी, पण मैत्रिणींनो, हे मी शिकले ते माझ्याच चुकीतून. काही वर्षांपूर्वी एका तरुण सुनेला मी स्वतः घाट चढून कोल्हापूरला एका मानसोपचार करणाऱ्या बाईंकडे घेऊन गेले होते. (तिची ओळख पटेल असं सगळं मी इथे बदललं आहे.) चार भेटी झाल्या. मुलगी जरा हसायला लागली होती. संक्रांतीनंतरच्या एका हळदीकुंकवाला कोणी म्हणालं, हल्ली ती कोणात मिसळत नाही, माज आलाय. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अगं तसं नाही, ट्रीटमेंट चालू आहे तिची, किती धडपडतेय बिचारी." तिची बाजू घ्यायला म्हणून बोलले हो! वाण लुटून बायका घरी पोचायच्या आत बातमी तिच्या नणंदेला मुंबईला फोनवर पोचली होती. पाचव्या भेटीला तिला पाठवलं नाही.

मी माफी मागायला गेले तेव्हा ती रागावली नाही. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "काकी, त्या बाईंनी पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं, कोणाला काय सांगणार, काय नाही. तुमचं मी विचारलंच नव्हतं."

कायदा उपचार करणाऱ्यांना बांधतो. सोबत जाणारीला, गाडीत शेजारी बसणारीला, औषधाची चिठ्ठी वाचणाऱ्याला कोण बांधणार? आम्ही समाजकार्य करणाऱ्या बायका तर यात आघाडीवर. किती जणींचं भलं केलं हे सांगायची आम्हाला हौस असते, आणि सांगता सांगता नाव सुटतं. आता मी कोणाला सोबत घेऊन जायचं झालं तर आधी तिलाच विचारते, कोणी भेटलं तर काय सांगायचं? ती म्हणेल ते.

लांब जाणं जमत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक लक्षात ठेवा. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागते आणि मराठीत बोलता येतं. फोन कुठे बसून करायचा, एवढाच काय तो प्रश्न. आमच्या घरांना भिंती आहेत पण पोटमाळ्यावरून सगळं ऐकू जातं.

ती सून सात-आठ महिन्यांनी पुन्हा सुरू झाली, आता फोनवर. गुरुवारी दुपारी कलमांच्या बागेतल्या मांगरात जाऊन बसते, तिथे रेंज बरी मिळते. घरी सांगते, कलमांना पाणी घालायला जाते. परवा वाटेत तिची शेजारीण भेटली. "काय गो, ह्यां दर गुरवाराक बागेत खंय जाता?"

मी म्हटलं, "माका काय म्हायत?"