पोपटाचा गुन्हा काय?

गेल्या वर्षी आमच्या गावच्या मराठी मंडळाची बैठक भरली होती. दिवाळीच्या कार्यक्रमात काय ठेवायचे, याचा खल चालला होता. भावगीते ठरली, नाट्यगीते ठरली, एका निवृत्त प्राध्यापकांचे व्याख्यानही ठरले. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "काका, एक तास आनंद-मिलिंद शिंद्यांची गाणी ठेवू की. 'नवीन पोपट' लावला तर सगळं गाव येतंय बघा." अध्यक्ष म्हणाले, "अरे बाबा, हे मंडळ आहे, वरात नव्हे!" सगळे हसले. मीही हसलो. तो मुलगा गप्प खाली बसला आणि पुढच्या बैठकीला आलाच नाही. त्या हसण्याचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख.

कारण, वाचकहो, प्रांजळपणे सांगतो, त्या पोपटावर मी घामाघूम होईपर्यंत नाचलो आहे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. भालकी तालुक्यातले आमचे गाव. लग्नघराच्या लिंबावर लाऊडस्पीकरचा कर्णा बांधलेला असे. सकाळी सनई, मग प्रल्हाद शिंद्यांचा विठ्ठल आणि ऊन कलले की त्यांच्या मुलांचा पोपट. ढोलकीचा ठेका पडला की मांडवात पंगत वाढणारे हात थांबत. त्या आवाजाला साखरेचा पाक नव्हता. तो शेतातून हाक मारावी तसा मोकळा, धारदार आवाज होता. एकच कॅसेट गावभर इतकी फिरली की फीत सैल पडायची. मग पेन्सिल घालून ती गुंडाळायची, की पुन्हा सुरू. संध्याकाळी वरातीतल्या बँडवाल्याने क्लॅरिनेटवर तीच चाल उचलली की नवरदेवाचा मामाही फेटा सावरत उतरायचा.

आमचे शेजारी कानडी. तिथले अण्णा मला एकदा म्हणाले, या गिळीच्या गाण्यात एवढे हसण्यासारखे काय आहे, मला सांग. गिळी म्हणजे पोपट. तो चावटपणा कानडीत समजावताना माझी पुरेवाट झाली. शेवटी अण्णा पोट धरून हसले आणि त्याच अर्थाचा एक कानडी वाक्प्रचार त्यांनी मला शिकवला, जो इथे छापता येणार नाही. माझ्या आयुष्यातले ते पहिले भाषांतर. शाळेच्या पुस्तकातल्या कुठल्याही कवितेने मला आणि अण्णांना असे एका बाकावर बसवले नव्हते.

पण पुण्याचे पाहुणे आले की मीच टेपरेकॉर्डरचे बटण दाबून पोपट बंद करी आणि नाट्यगीतांची कॅसेट लावी. ही लाज मला कोणी शिकवली? आपणच एकमेकांना शिकवली.

ती लाज कशाची, हे एकदा उघड बोलले पाहिजे. प्रल्हाद शिंदे मूळचे मंगळवेढ्याचे, म्हणजे चोखोबांच्या गावचे. बसवण्णांनी कल्याणला येण्याआधी बिज्जळाच्या पदरी चाकरी केली, तेही हेच मंगळवेढे. 2004 साली प्रल्हाद शिंदे गेले. त्यांची भक्तिगीते आपल्या देवघरात चालली. त्यांची भीमगीते 14 एप्रिलला गावाच्या दुसऱ्या टोकाला वाजली, तेव्हा आपण खिडक्या लावून घेतल्या. त्यांच्या मुलांची गाणी आपण वरातीत नाचवली. एकाच घरातला हा गळा आपण सोयीने तीन ठिकाणी वापरला; सभागृहात मात्र त्याला खुर्ची दिली नाही. "अभिरुची" या गोंडस शब्दाखाली आपली जातीची जुनी सवय किती सुखाने झोपलेली असते!

कोणी म्हणेल, गाणी द्व्यर्थी होती. काही होती. त्या काळातली काही गाणी बाईलाच चेष्टेचे सामान करणारी होती. ती माझ्या मुलीसमोर मी लावणार नाही आणि लावा असेही म्हणत नाही. पण हा नियम सगळ्यांना सारखा लावा. लावणीसुद्धा एके काळी सभ्य घरात वर्ज्य होती. आज आपण तिकीट काढून, पहिल्या रांगेत बसून तिला दाद देतो. ज्या नाट्यसंगीताची आपण शपथ घेतो, त्या किर्लोस्करांच्या 1880 च्या 'शाकुंतला'त लावणीच्या आणि कर्नाटकी वळणाच्या चाली होत्याच. मग पोपटाचाच गुन्हा काय? त्याला अजून शंभर वर्षे झाली नाहीत, एवढाच ना?

शिवाय आपण ज्या मातीत उभे आहोत, तिचा दाखला पाहा. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 1129 च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. आपल्या बसवकल्याणात बसलेल्या राजाला नोंदवावेसे वाटले ते मुसळ हाती धरलेल्या बाईचे गाणे. राजाला जे ऐकू आले, ते आमच्या मंडळाला ऐकू येत नाही.

परदेशातले उदाहरण हवे असेल तर तेही देतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचे एक गाव आहे. तिथे 1976 साली पाच जणांनी एक बँड काढला, 'द बी-फिफ्टीटूज'. उंच घुमटासारख्या केशरचना, विचित्र कपडे आणि गाणे कशावर, तर समुद्रातल्या शेवंडावर! पहिला कार्यक्रमही मित्राच्या घरच्या पार्टीत. आज पांढऱ्या केसांची माणसे त्या शेवंडाच्या आठवणी डोळ्यांत पाणी आणून सांगतात आणि त्यांना कोणी हसत नाही. त्यांचा शेवंड चालतो. आपला पोपट पिंजऱ्यात.

मला भीती वेगळीच आहे. 1956 साली बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर पलीकडे गेले. भालकी, औराद, बसवकल्याण इकडे राहिले. तेव्हापासून आपण ठराव करतो आहोत. ठरावांच्या फायली जाडजूड झाल्या आणि मराठी शाळांचे वर्ग रोडावले. माझ्या भावाची नात कन्नड माध्यमात शिकते, छान शिकते. परवा तिची वही हाती आली. मागच्या पानावर शिंद्यांचे एक गाणे अख्खे उतरवलेले होते, शब्द मराठी आणि अक्षरे कन्नड. मी विचारले, "हे काय करायलीस गं?" ती म्हणाली, "आजोबा, सरावाला सोपं पडतंय. काकाच्या लग्नात म्हणायचंय मला."

हे वाचून आमचे अध्यक्ष कपाळाला हात लावतील. मी ती वही दोनदा वाचली. या पोरीला मराठी शिकण्याची सक्ती कोणी केली नव्हती, बक्षीस कोणी लावले नव्हते. तिला नाचायचे होते, म्हणून तिने शब्द जमवले. ज्या भाषेत पोरांना नाचावेसे वाटते तिला मरण नाही, असा भाबडा दावा मी करणार नाही. पण ज्या भाषेत फक्त व्याख्यानेच उरतात, तिच्या सभागृहात पुढच्या पिढीच्या खुर्च्या रिकाम्या दिसतात. आमच्या दिसतात. गेल्या दिवाळीला मी मोजल्या आहेत.

म्हणून यंदाच्या बैठकीत तो ठराव मी मांडणार आहे. भावगीते असू द्या, व्याख्यानही असू द्या. एक तास शिंद्यांचा. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मंडळींना रीतसर पत्रिका आणि कानडी शेजाऱ्यांनाही. ठराव पडला तर पडो. त्याआधी मला त्या मुलाच्या घरी जायचे आहे. तो अनुमोदन देणार असेल तरच मी मांडणार, आणि एकदा मला हसण्याचा हक्क त्याचा आहे.