बॅटरी कपाटात, लॅपटॉप प्लगवर



मागच्या पालक-सभेत एका पालकांनी विचारले, "सर, संगणक कक्षातल्या लॅपटॉपना बॅटऱ्याच नाहीत. त्या गेल्या कुठे?" प्रश्नात थोडी शंका होती आणि ती रास्तच होती. बॅटऱ्या कुठेही गेलेल्या नव्हत्या. माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात त्या कुलूपबंद होत्या, आणि तसे करायला मीच सांगितले होते. सभेत मी उत्तर दोन वाक्यांत आटोपले. आज सविस्तर देतो, कारण हा विषय काही एकट्या शाळेचा नाही.

२०२३ साली माजी विद्यार्थ्यांनी आपले वापरलेले बारा लॅपटॉप शाळेला भेट दिले. सगळे जुन्या पद्धतीचे, खालची खिटी सरकवली की बॅटरी हातात येते असे. लॅपटॉप कक्षातून हलणार नव्हते, दिवसभर प्लगवरच चालणार होते. मग बॅटरी विनाकारण का झिजवायची, असा हिशेब मी केला. ज्यांनी २००२-०३ चे इंदूर पाहिले आहे, तासन्‌तास लाईट नसलेल्या दुपारी काढल्या आहेत, त्यांना बॅटरी जपण्याची ही वृत्ती समजेल. मी म्हटले, पूर्ण चार्ज करा, काढा, कपाटात ठेवा. गरज पडेल तेव्हा बाहेर काढू.

यात एक गोष्ट बरोबर होती. लॅपटॉपची लिथियम-आयन बॅटरी कायम शंभर टक्के भरलेली आणि गरम राहिली की लवकर म्हातारी होते. सतत प्लगवर ठेवल्याने ती "ओव्हरचार्ज" होते हा मात्र गैरसमज आहे. भरली की आतले सर्किट चार्जिंग थांबवते. बॅटरीला मारते ते भरलेपण आणि उष्णता यांची जोडी. तेव्हा बॅटरी लॅपटॉपच्या गरम पोटातून बाहेर काढणे हा विचार अगदीच वेडगळ नव्हता.

चूक झाली ती "पूर्ण चार्ज करा" या तीन शब्दांत. माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. आम्ही "संचायक सेल" शिकलो ते शिसे आणि आम्लाचे, स्कूटर आणि इन्व्हर्टरमध्ये असतात ते. ते रिकामे पडून राहिले की खराब होतात, म्हणून भरून ठेवावे लागतात. पुढे निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या आल्या, त्या अधूनमधून पूर्ण उतरवाव्यात असे सांगत. लिथियमचा स्वभाव या दोघींहून निराळा. ती साठवायची तर साधारण चाळीस-पन्नास टक्क्यांवर आणि थंड जागी. पंचवीस अंश तापमानात चाळीस टक्के चार्जवर वर्षभर ठेवली तर तिची क्षमता सुमारे चार टक्के घटते. तीच शंभर टक्के भरून चाळीस अंशांत ठेवली तर घट पस्तीस टक्क्यांच्या आसपास जाते. आता आमचे कपाट पाहा. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेले, पत्र्याचे. मे महिन्यात दुपारी त्याला हात लावून दाखवा! माळव्याच्या रात्री थंड असतात खऱ्या, पण बॅटरीला दुपारही काढावी लागते. अशा दोन उन्हाळ्यांनंतर यंदा कपाट उघडले. बारांपैकी पाच बॅटऱ्या चार्जच घेईनात, चार वीस मिनिटांत मान टाकतात, एक फुगली, दोन बऱ्या आहेत. जपून ठेवल्या आणि जपण्यातच गेल्या.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त लागली. नववीतील एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी आजीकडून लग्नानंतर इंदूरला आल्याच्या आठवणी ऐकल्या होत्या आणि दोन तास बसून त्या देवनागरीत टाईप केल्या होत्या. लाईट गेली नव्हती. मावशी केर काढत होत्या, त्यांच्या झाडूने प्लग सैल झाला, बस! बॅटरी असती तर कुणाला कळलेही नसते. ती मुलगी माझ्या खोलीत आली नाही, रडलीही नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या आईकडून मला हे कळले. आजी तोवर पुण्याला काकांकडे गेल्या होत्या. मुलीने फोनवर पुन्हा विचारून लिहिले, पण ते पहिल्यासारखे झाले नाही असे ती म्हणते. बॅटरी वाचवण्याच्या हिशेबात ही रक्कम मी कुठेच धरली नव्हती.

आणखीही एक बाब आहे. जोराचे काम आले की काही लॅपटॉप अ‍ॅडॉप्टर आणि बॅटरी दोघांकडून वीज घेतात. म्हणून बॅटरी काढली की ते आपला वेग मुद्दाम कमी करतात. अ‍ॅपलच्या २००८ च्या सुमाराच्या मॅकबुकमध्ये हे होत असे. मुले "मशीन स्लो आहे" म्हणत, तेव्हा मी ते जुनेपणावर ढकलत होतो. प्रत्येक वेळी कारण तेच असेल असे नाही, पण तपासायला हवे होते.

आमचे एक विश्वस्त म्हणतात, बॅटरी मेलीच असेल तर काढून चालवायला काय हरकत? काहीच नाही. फुगलेली तर काढलीच पाहिजे. ती दाबू नये, टोचू नये, चार्जिंगला लावू नये, ओल्या-सुक्या कचऱ्यात तर मुळीच टाकू नये. कचरागाडीवाल्याला सांगून ई-कचऱ्यात द्यावी. पण मग लॅपटॉप यूपीएसवर चालवावा, थेट भिंतीच्या प्लगवर नाही. आणि प्लग तीन पिनांचा, अर्थिंग असलेला हवा.

ज्यांच्या घरी नवे लॅपटॉप आहेत त्यांची बॅटरी आत स्क्रूने बसवलेली असते. ती काढायच्या फंदात पडू नका. बऱ्याच कंपन्यांनी सेटिंगमध्ये चार्ज ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची सोय दिली आहे. लॅपटॉप नेहमी टेबलावरच असेल तर ती चालू करा. आणि गादीवर, उशीवर ठेवून वापरू नका. खालची हवा कोंडते.

विश्वस्त मंडळापुढे माझा प्रस्ताव असा आहे. दहा बॅटऱ्या एकदम विकत घेऊ नयेत. इतक्या जुन्या लॅपटॉपवर तो खर्च मला पटत नाही. त्याऐवजी कक्षासाठी यूपीएस घ्यावा. अ‍ॅडॉप्टरवरचे ६५ वॅट धरले तर बारा लॅपटॉपचे ७८० होतात, तेव्हा स्वस्तात मिळतो म्हणून ६०० वॅटचा आणू नये. सोबत कक्षातले अर्थिंग तपासून घ्यावे आणि प्लगचे बोर्ड जमिनीलगत आहेत ते वर घ्यावेत. खर्चाचा अंदाज तीन दुकानांतून मागवला आहे, बैठकीत ठेवीन.

तोवर दोन बऱ्या बॅटऱ्या नववी-दहावीच्या प्रकल्पांसाठी राखलेल्या लॅपटॉपना बसवल्या आहेत. बाकीच्या दहांवर काम करणाऱ्यांनी दर पाच मिनिटांनी फाईल सेव्ह करावी. आणि केर शाळा सुटल्यावर काढावा, असे मावशींना सांगितले आहे.